शेवंतीची सोयरीक

(नेदरलँड्समधलं फेल्डहोवन. घराच्या वरच्या मजल्यावरची बाथरूम, दार आतून बंद. फरशीवर सासू शोभा आणि सून चैत्राली समोरासमोर बसल्या आहेत. मधे गवताचा ढीग आणि दोन ससे.)

चैत्राली : हात मागे घ्या, आई! प्लीज, मधे हात घालू नका!

शोभा : अगं, तो तिच्या पाठीवर चढतोय! मी काय डोळे मिटून बसू?

चैत्राली : चढू दे. पळवू दे. हेनीबाईंनी सांगितलंय ना, चार केस उडाले तरी गप्प बसायचं. एकमेकांना धरून गोल गोल फिरायला लागले तरच सोडवायचं. तेही उघड्या हाताने नाही, ग्लव्हज घालून.

शोभा : आणि तोवर?

चैत्राली : तोवर बघायचं.

शोभा : बघायचं म्हणे! बघ, कशी बेसिनखाली घुसली माझी शेवंती. हाडं-कातडं राहिलीयेत नुसती. आणि हा बोऱ्या बघ, चांगला दांडगा.

चैत्राली : बोरिस, आई. बोऱ्या नका म्हणू, आज तरी नको. आजच आपला बोऱ्या वाजायला नको.

शोभा : बरं बाई, बोरिस. उतरला बघ खाली. लांब जाऊन बसला.

चैत्राली : किती वाजले?

शोभा : अडीच.

चैत्राली : दीड तास राहिला. चारला हेनीबाई येतील, त्याचा पिंजरा घेऊन.

शोभा : म्हणजे नेणारच? अजून आठ दिवस द्या म्हणावं. काय जगबुडी होणार आहे?

चैत्राली : विचारलं ना मी. त्यांचा नियम आहे. पंधरा दिवस दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, पंधराव्या दिवशी भेट. जमलं तर राहील, रक्त निघालं तर परत. लोक पाळून कंटाळले की ससे सोडून देतात, ते ह्या बाई गोळा करतात. आपल्याकडे पांजरपोळ असतो ना, तसंच. एकटा ससा कुठेच ठेवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. बोरिससाठी टिलबर्गचं एक घर रांगेत आहे. त्यांच्याकडे पण एक मादी एकटी पडलीये.

शोभा : मला तर मुळातच हे पटलेलं नाही. हिचा जोडीदार, गोंड्या, जाऊन महिना झाला नाही, आणि हिच्यापुढं दुसरा आणून बसवला. तिला विचारलं का कुणी?

चैत्राली : तिला कसं विचारणार?

शोभा : तेच म्हणते मी.

चैत्राली : आई, मी हौस म्हणून नाही आणला त्याला. काल डॉक्टर काय म्हणाल्या, माहितीये?

शोभा : मला कुठून माहीत? त्या डचमधे बोलत होत्या, तू मान हलवत होतीस. गाडीत विचारलं तर म्हणालीस, ठीक आहे.

चैत्राली : ठीक नाहीये. चारशे ग्रॅम उतरलेत तिचे. दोन किलोच्या जिवातून चारशे! सशाचं पोट सतत चालू असावं लागतं. ते थांबलं की एका दिवसात खेळ खलास. परवा थांबायलाच आलं होतं, म्हणून मी तिला सिरिंजने भरवत होते. डॉक्टर म्हणाल्या, असं किती दिवस ढकलणार? दुसरा खाताना दिसला की ससे खातात. सोबत मिळाली तर वाचेल, नाहीतर तयारी ठेवा.

शोभा : तयारी म्हणजे?

चैत्राली : म्हणजे तयारी, आई.

शोभा : अरे देवा. आणि हे पोटात ठेवून तू काल शांतपणे पोळ्या लाटत होतीस?

चैत्राली : अभिजितला पण नाही सांगितलं. तो तोंडाने काही बोलणार नाही, पण चेहऱ्यावर दिसेल, ससाच आहे ना म्हणून.

शोभा : तसं मी पण म्हणाले असते. तू मेसेजमधे फोटो पाठवायचीस तेव्हा म्हणायचेच. हिला कामं नाहीत, ससे पाळतीये.

चैत्राली : नव्हतीच कामं! डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हा काय होतं मला इथे? अभिजित सकाळी सातला सायकल काढून कंपनीत जायचा, तो संध्याकाळी सातला उगवायचा. दिवसभरात मी एकच वाक्य बोलायचे, आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधे. पावती नको. तेवढंच डच यायचं मला. चारला अंधार पडायचा. एकदा सलग तीन दिवस मी घराबाहेर पडले नव्हते, आणि माझ्याच आवाजाने दचकले. त्या हिवाळ्यात आणलं ह्या दोघांना. मराठीत बोलायचे त्यांच्याशी, अगदी भांडायचे पण. पुढे नोकरी लागली, मैत्रिणी झाल्या, पण तेव्हा ही नसती तर मी परत निघून आले असते, आई. नुसती नाही, अभिजितला सोडून आले असते.

शोभा : हे अभिजितला ठाऊक आहे?

चैत्राली : नाही. काय वाजलं? तुम्ही ऐकलंत?

शोभा : पाय आपटला तिनं. जोरात आपटला.

चैत्राली : घाबरलीये. धोका वाटला की मागचा पाय आपटतात.

शोभा : मग मी पण आपटू का? मला पण वाटतोय.

चैत्राली : हसवू नका. तो उठला बघा. आई, हलू नका आता. बोरिस, शहाणा ना तू? हळू. हळू जा.

शोभा : लक्षण बरं नाही. कान मागं टाकलेत, शेपूट वर. आमच्याकडं बोकड असंच करायचा मारायच्या आधी.

चैत्राली : ती पण पुढे येतीये. तिने का पुढे यावं? शेवंती, नको. शेवंती!

शोभा : धरलं! चैत्राली, धरलं एकमेकांना! फिरतायत गं, गोल फिरतायत!

चैत्राली : टॉवेल टाका! टॉवेल!

शोभा : कुठाय?

चैत्राली : तुमच्या मांडीवर! टाका वर! सोड, बोरिस! सोड तिला! आई गं!

शोभा : तुला चावला?

चैत्राली : ग्लव्हला, ग्लव्हला. मी त्याला धरते, तुम्ही तिला ओढा. मानेला नको, खालून हात घाला.

शोभा : आली. आली माझ्याकडं. ये बाळा, झालं, झालं. अगं, रक्त आहे!

चैत्राली : कुठे?

शोभा : कानाला. टोक फाटलंय. हळद आणू खालून?

चैत्राली : दार उघडू नका! टिश्यू घ्या, दाबून धरा. खोल आहे का?

शोभा : नखाएवढं आहे. थांबेल. पण तिची छाती बघ कशी उडतीये. माझ्या हातात जाईल ही.

चैत्राली : असं नका ना बोलू.

शोभा : नाही बोलत. तू रडू नकोस.

चैत्राली : रक्त निघालं, म्हणजे संपलं. मला कळतच नाहीये, असं व्हायला नको होतं. सगळं सांगितल्यासारखं केलं आपण. दोघांपैकी कुणीच ह्या खोलीत कधी आलेलं नाही. व्हिनेगरने फरशी पुसली, म्हणजे कुणाचंच घर वाटू नये. पंधरा दिवस टॉवेलची अदलाबदल केली. त्याचा हिच्याकडे, हिचा त्याच्याकडे. एकमेकांच्या वासाची सवय झाली की निम्मं काम झालं म्हणाल्या होत्या. आणि हे असे तुटून पडले, जसा काही जन्मात वासच आला नव्हता. तुम्ही रोज बदलत होतात ना टॉवेल, मी ऑफिसला गेल्यावर?

शोभा : बदलत होते की. एक दिवस चुकवला नाही.

चैत्राली : सकाळीच?

शोभा : सकाळी काढायचे, दुपारी घालायचे.

चैत्राली : आणि मधे? सकाळपासून दुपारपर्यंत टॉवेल कुठे असायचे?

शोभा : मधे काय, असायचे असेच.

चैत्राली : आई, कुठे असायचे?

शोभा : मशीनमधे.

चैत्राली : नाही. नाही, आई.

शोभा : अगं, एकाच्या मुताचं फडकं दुसऱ्याच्या अंगाखाली कसं घालायचं? पाहुणा म्हणून आलाय तो घरात. पाहुण्याला कुणी दुसऱ्याचं वापरलेलं अंथरूण देतं का? साठ डिग्रीवर धुवायचे, ड्रायरमधे खडखडीत वाळवायचे, घडी घालून मग ह्याचा तिला, तिचा ह्याला. मला वाटलं, तू म्हणशील, सासूबाईंनी किती व्यवस्थित केलं.

चैत्राली : पंधरा दिवस! पंधरा दिवस त्यांनी साबण हुंगला! म्हणजे आज पहिल्यांदा भेटलेत ते, आई. पूर्ण अनोळखी दोघं, बंद खोलीत, आणि मी त्यांना एकमेकांच्या अंगावर सोडलं. मेली असती ती!

शोभा : माझी चूक आहे.

चैत्राली : एकदा विचारायचं तरी! वासासाठी आहे हे म्हणाले होते मी!

शोभा : तू दारातून सांगितलंस. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं सायकलची किल्ली शोधत होतीस. म्हणालीस, आई, ह्याचा तिला, तिचा ह्याला, टॉवेल रोज बदला. बदलणं म्हणजे आमच्यात धुतलेलंच घालणं गं. मला दुसरं सुचलंच नाही.

चैत्राली : आता काय करू मी? काय सांगू त्यांना चारला?

शोभा : अजून एक सांगायचंय मला. रागवायचंय ते एकदमच रागव.

चैत्राली : अजून काय राहिलंय?

शोभा : गोंड्या गेला त्या दिवशी तुम्ही दोघं मागच्या बागेत त्याला पुरत होतात ना, तेव्हा मी वर आले. गोंड्या आणि ही ज्या गोधडीवर झोपायची, ती उचलली आणि धुवून टाकली. घरातला जीव गेला की त्याचं अंथरूण तसंच ठेवत नाहीत. विचार केला नाही, हात आपोआप चालले. संध्याकाळी ही त्या गोधडीवर चढली. कोपरा न् कोपरा हुंगला तिनं. मग उतरली आणि गार फरशीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून हिचं खाणं सुटत गेलं, चैत्राली. तुला वाटतंय गोंड्या गेला म्हणून. मी बघितलंय, ते कधीपासून सुटलं.

चैत्राली : त्यामुळेच असेल असं नाही.

शोभा : त्यामुळंच. मला नको समजावूस. तुझे सासरे गेले, त्याच्या दहाव्या दिवशी मी आंघोळीला गेले, तेवढ्यात मालिनीवन्संनी सगळं धुवायला टाकलं. चादर, अंगातले शर्ट, उशीचा अभ्रा. भल्यासाठीच केलं त्यांनी. बाहेर येऊन मी दोरीवरचा ओला अभ्रा नाकाशी धरला. काही नव्हतं त्यात. चाळीस वर्षं एका माणसाशेजारी झोपले, आणि नुसती साबणपूड. वन्सं म्हणाल्या, वहिनी, किती छान निघालाय ना? मी म्हटलं, हो. चहा ठेवते म्हटलं. आणि तेच मी हिला केलं. स्वतः सोसलेलं असून केलं! मग तोंड उघडायची छातीच होईना. रोज वाटायचं, आज सांगू. रोज भीती वाटायची, तू म्हणशील, आई, तुम्हीच मारलंत हिला.

चैत्राली : मी नाही म्हणणार असं.

शोभा : मघाशी म्हणायच्या बेतात होतीस.

चैत्राली : हो. होते.

शोभा : बरं झालं खरं बोललीस. तीन वाजलेत. एक तास आहे अजून.

चैत्राली : तासाभरात काय होणार? पंधरा दिवसांचं काम होतं ते.

शोभा : माझं माहेर आटपाडीचं. शेळ्या होत्या आमच्याकडं. शेळी मेली की तिचं करडू दुसरी शेळी जवळ घेत नाही, शिंगानं उडवते. माझा भाऊ दिनकर काय करायचा? त्या शेळीचं स्वतःचं करडू फडक्यानं पुसायचा, आणि तेच फडकं त्या पोरक्या करडावर चोळायचा. तोंडापासून शेपटीपर्यंत. मग शेळी हुंगायची आणि चक्रावायची. दहातल्या सात-आठ तरी घ्यायच्या जवळ.

चैत्राली : आणि उरलेल्या दोन-तीन?

शोभा : त्या नाही घ्यायच्या.

चैत्राली : हे ससे आहेत, आई. शेळ्या नाहीत.

शोभा : नाक तर आहे ना त्यांना? दे तो टॉवेल. वास कुठं असतो ह्यांचा?

चैत्राली : हनुवटीखाली. आणि शेपटीच्या खाली, दोन्ही बाजूंना. तिथला वास फार उग्र असतो, मी करते.

शोभा : तू त्याला धर घट्ट. मी पुसते.

चैत्राली : ग्लव्हज तरी घाला.

शोभा : त्यात बोटाला काही कळत नाही. राहू दे. शी, काय घाण वास आहे मेल्याचा! धर, हलतोय. झालं. आता हे हिच्या तोंडाला. ये बाई. कानाला नाही लावत, घाबरू नकोस. पाठीला, पोटाला. आता दुसऱ्या बाजूनं हिला पुसते आणि त्याला लावते.

चैत्राली : परत एकदा करा. दोघांनाही.

शोभा : चार वेळा करते. हं, झालं. आता सोड त्याला.

चैत्राली : मला नाही सोडायचं त्याला. आता कान फाटला, पुढच्या वेळी डोळा फुटेल. पोट फाडतात ते एकमेकांचं, मी व्हिडिओ बघितलेत. त्यापेक्षा घेऊन जाऊ देत. सिरिंजवर ठेवीन मी तिला.

शोभा : किती दिवस?

चैत्राली : जितके निघतील तितके.

शोभा : तुला भीती वाटतीये ती मलाही वाटतीये. पण एकदाच सोड. मी मधे बसते. चावला तर मला चावेल, माझी कातडी जाड आहे.

चैत्राली : टॉवेल हातात ठेवा. मी तीन म्हटलं की.

शोभा : मोजू नकोस. सोड.

चैत्राली : सोडला.

शोभा : मी हिला ठेवली खाली. चल गं.

चैत्राली : हुंगतोय. आई, त्याचे कान बघा, पुढे आहेत की मागे? मला इथून दिसत नाही.

शोभा : वर आहेत. सरळ.

चैत्राली : आणि ती?

शोभा : नाक हलतंय तिचं. ती त्याला हुंगतीये. परत हुंगतीये. अगं, चक्रावलीये ती!

चैत्राली : हळू बोला. आता काय केलं? मान खाली घातली?

शोभा : जमिनीला टेकवलीये. मरगळली का? चैत्राली, मरगळली वाटतं!

चैत्राली : नाही, नाही. ती त्याला म्हणतीये, मला चाट. आता त्याने चाटलं तर मिटलं. नाही चाटलं तर अपमान वाटतो त्यांना, ती चावेल, आणि मग तो तिला सोडणार नाही. टॉवेल तयार ठेवा.

शोभा : ठेवलाय. तो तिच्या कानाकडं वळला. फाटलेल्या कानाकडं! रक्ताचा वास आला त्याला. टाकू का टॉवेल?

चैत्राली : थांबा.

शोभा : दात दिसतायत मला त्याचे!

चैत्राली : थांबा, आई, थांबा.

शोभा : चाटतोय.

चैत्राली : नक्की?

शोभा : कान चाटतोय तिचा. जखमेवरच चाटतोय. अगं बघ की इकडं येऊन!

चैत्राली : मला नाही बघवत. तुम्ही सांगा.

शोभा : चाटतोय अजून. तिनं डोळे मिटलेत. आता थांबला. गवताकडं गेला. खातोय. ती बघतीये त्याच्याकडं. उठली. जवळ गेली त्याच्या, पार तोंडापाशी गेली. चैत्राली, तिनं त्याच्या तोंडातली काडी ओढली!

चैत्राली : टाकून देईल. सकाळीही अशीच उचलून टाकली होती तिने.

शोभा : गप्प बस आणि ऐक.

चैत्राली : कुरकुर वाजतंय.

शोभा : चावून खातीये ती. अख्खी काडी गेली आत. दुसरी घेतली. आता रडलीस तरी चालेल, फक्त आवाज करू नकोस.

चैत्राली : माझा फोन वाजतोय. हेनीबाई. तुम्ही नजर नका काढू, मी इथेच कोपऱ्यात बोलते.

शोभा : बोल, बोल. रक्ताचं पण खरं सांग. लपवू नकोस.

चैत्राली : ठेवला फोन. सांगितलं सगळं. टॉवेलचंही. मग म्हणाल्या, व्हिडिओ पाठव. पाठवला.

शोभा : मग काय म्हणाल्या?

चैत्राली : आज नाही येत. पण म्हणाल्या, आनंद करू नका एवढ्यात. एकदा रक्त निघालंय, दोघं परत भिडू शकतात, आणि तेव्हा ह्याहून वाईट. आठ दिवस ह्याच खोलीत ठेवायचं. दिवसरात्र कुणीतरी शेजारी पाहिजे, डोळ्याला डोळा न लावता. एकटं सोडून पाच मिनिटं पण जायचं नाही.

शोभा : आठ दिवस.

चैत्राली : रात्री अभिजित आणि मी आलटून पालटून बसू. उद्या सुट्टी मिळेल मला, शनिवार-रविवार घरीच आहोत. पण सोमवारपासून दिवसा कुणीच नाही.

शोभा : माझं विमान शनिवारी आहे.

चैत्राली : हो ना.

शोभा : तिकीट पुढं ढकलता येतं का गं?

चैत्राली : येतं. तुमचा व्हिसा अजून सहा आठवडे आहे.

शोभा : मग ढकल. सशांसाठी.

चैत्राली : अभिजितला तेच सांगते. सशांसाठी. आई, एक विचारू? तुम्ही आलात तेव्हा ब्लाउज केवढे सैल झाले होते तुमचे. अभिजितने विचारलं, तर शुगर म्हणालात.

शोभा : शुगर नव्हती.

चैत्राली : मग?

शोभा : वन्सं रोज फोन करायच्या, जेवलीस का? मी सांगायचे, पिठलं-भाकरी केली. दुसऱ्या दिवशी सांगायचे, भरली वांगी. रोज नवीन भाजी सांगायचे त्यांना. गॅस पेटवलेला नसायचा. स्वैपाकघरात फार वेळ थांबवायचंच नाही, पाणी पिऊन तशीच येऊन पडायचे. इथं आले आणि तुमच्याबरोबर खायला लागले. आता शनिवार जवळ आला तसा जेवण परत सुटायला लागलं. मंगळवारी म्हटलं उपास आहे, काल म्हटलं संकष्टी आहे. तू विश्वास ठेवलास.

चैत्राली : काल संकष्टी नव्हती?

शोभा : कुठली संकष्टी? मला फार भीती वाटते गं तिकडं. कुणाला सांगायची पण लाज वाटते. पासष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घराला घाबरते.

चैत्राली : आणि आज काय आहे?

शोभा : आज काही नाही.

चैत्राली : सकाळचा वरणभात आहे. गरम करून आणू?

शोभा : इथं? बाथरूममधे बसून जेवू?

चैत्राली : त्यांना सोडून जाता येणार नाहीये ना.

शोभा : आण मग. आणि हे बघ, तुझंही ताट आण.